विजेनं पळवलेली संध्याकाळ

सकाळी साडेसहाला कामाला लागू, पण सूर्य मावळला की गिरणी थांबली पाहिजे!

ही मागणी आहे १८८४ सालची. त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांची सभा भरली होती. भरवणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्यात जन्मलेले, महात्मा फुल्यांच्या तालमीत तयार झालेले, रेल्वे आणि पोस्टात नोकऱ्या करून मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झालेले आणि त्याच काळात ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र चालवणारे. गिरण्यांची चौकशी करायला सरकारनं एक कमिशन नेमलं होतं. त्याच्यापुढे ठेवायच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या पाच होत्या. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला द्या. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत करा. कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत पगार चालू ठेवा. आणि ही वरची, सूर्यास्ताची.

पहिल्या चार मागण्या आजही वाचल्या वाचल्या कळतात. रविवारच्या सुट्टीची तर दंतकथाच झाली आहे. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि आपण रविवारी अकरापर्यंत लोळतो ते लोखंड्यांच्या कृपेनं, असा मेसेज दरवर्षी फिरतोच. पण ती पाचवी मागणी जरा विचित्र वाटते ना? सकाळची वेळ घड्याळाची आणि संध्याकाळची मात्र सूर्याची? सरळ सहा वाजता सोडा, सात वाजता सोडा असं का नाही मागितलं?

याचं उत्तर गिरणगावातल्या जुन्या गिरण्यांच्या छपरावर आहे. टॉवरांच्या गर्दीत जिथे कुठे अशी एखादी गिरणी अजून उभी असेल तिथे मान वर करून बघा. छप्पर सपाट नसतं, करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची एक बाजू तिरकी आणि झाकलेली, दुसरी जवळजवळ उभी आणि काचेची. काचेची बाजू उत्तरेकडे. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे उत्तरेच्या काचेतून थेट ऊन आत येत नाही, नुसता पांढरा, सावल्या न पाडणारा उजेड उतरतो. (मे ते जुलै काही आठवडे सूर्य मुंबईच्याही उत्तरेला सरकतो, पण त्यातला निम्मा काळ ढगच असतात.) साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणलं जातं त्या खात्यात, हा उजेड म्हणजे जीव की प्राण. शेकडो तारा ताणलेल्या असतात, धोटा सणसणत इकडून तिकडे जात असतो, आणि त्यातली एक तार तुटली तर ती दिसायला हवी. नाही दिसली तर कापडात दोष राहिला. दोष राहिला की दंड.

थोडक्यात सांगायचं तर त्या काळची गिरणी हे सूर्यावर चालणारं यंत्र होतं. वाफेचं इंजिन रात्रभर फिरवता आलं असतं, पण विणणाऱ्याला दिसलं तर पाहिजे!

आता कुणी म्हणेल, गॅसबत्ती होती की. होतीच. आणि तीही लालबागच्या कुशीतच तयार होत होती. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले ऑक्टोबर १८६५ मध्ये. बत्तीवाला एकेक दिवा लावत पुढे सरकत होता आणि बघ्यांची झुंबड त्याच्या मागोमाग जात होती, असं त्या संध्याकाळचं वर्णन आहे. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून हा गॅस काढायचे. बॉम्बे गॅस कंपनीचा तो कारखाना गेला, पण लालबागला ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव अजून आहे. गणपतीच्या दिवसांत तुम्ही त्या गल्लीच्या तोंडावरून रांगेत पुढे सरकला असाल, नाव वाचलंही असेल. मात्र रस्त्यावर शोभणारी ही उघडी ज्योत गिरणीत नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. गिरणीची हवा कापसाच्या तंतूंनी भरलेली. केसांवर, पापण्यांवर, यंत्रांवर, छताच्या तुळयांवर सगळीकडे भुरभुर साठलेली. त्यात गॅसबत्तीची धग वेगळी, खर्च वेगळा. त्यामुळे मुंबईच्या बहुतेक गिरण्या उजाडलं की सुरू आणि अंधारलं की बंद, अशाच चालायच्या. मुंबईत डिसेंबरातला दिवस जेमतेम ११ तासांचा, जूनमधला सव्वातेरा तासांचा. कामाचा दिवसही तसाच आखडायचा आणि ताणायचा.

कामाचे तास काही थोडे नव्हते. पण त्यांना एक टोक होतं, आणि ते टोक मालकाच्या हातात नव्हतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घड्याळ गिरणीचं, भोंगा गिरणीचा, हजेरीवही मुकादमाच्या हातात. चाळीतल्या माणसाकडे स्वतःचं घड्याळ कुठलं? भोंगा पाच मिनिटं उशिरा वाजवला तर तो कुणाकडे दाद मागणार? सूर्य मात्र सगळ्यांना सारखाच दिसतो. लोखंड्यांच्या अर्जात घड्याळाऐवजी सूर्यास्त आहे तो कवितेसाठी नाही. कामगाराला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल अशी ती एकमेव वेळ होती.

अर्जातली एकूण भाषा बघता, हे टोक कुणी काढून घेऊ शकेल असं त्या सभेतल्या कुणाच्या मनातही आलं नसावं. पण ते काढून घेणारी वस्तू तोवर मुंबईत येऊन गेली होती.

दोऱ्याचा दिवा

विजेचा दिवा म्हटलं की एडिसन, हे आपल्या डोक्यात शाळेपासून पक्कं बसलेलं आहे. प्रत्यक्षात विजेचा उजेड त्याच्या बराच आधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीनं कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये फट ठेवून वीज सोडली आणि त्या फटीत डोळे दिपवणारी कमान पेटवून दाखवली. हा आर्क दिवा. १८७६ मध्ये याब्लोच्कोव्ह नावाच्या रशियन इंजिनिअरनं त्याची सुटसुटीत आवृत्ती काढली आणि पॅरिसचे रस्ते उजळले. पण आर्क दिवा म्हणजे फार दांडगा गडी. फुसफुसायचा, कांड्या जळून झिजायच्या, त्या सारख्या बदलायला लागायच्या, आणि उजेड एवढा की खोलीत लावला तर माणसं बाहेर पळतील. गोदी, चौक, मोठी मंडई, अशा ठिकाणी ठीक. माणसाच्या हातातलं काम दिसण्यासाठी लहान, शांत, बंद दिवा हवा होता.

काचेच्या फुग्यातली हवा काढून घ्यायची, आत एक बारीक तंतू ठेवायचा आणि त्यातून वीज सोडून तो तापवायचा. हवाच नाही, त्यामुळे तंतू जळून न जाता नुसता लालपिवळा तापत राहील. कल्पना अनेकांची होती, अडत होतं ते तंतूपाशी आणि हवा काढणाऱ्या पंपापाशी. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत एडिसन दोघंही १८७९ मध्ये तिथवर पोचले. एडिसनचा ऑक्टोबर १८७९ मधला जो दिवा पहिल्यांदा तासन्‌तास टिकला, त्याच्यातला तंतू कशाचा होता माहितीये? शिवणकामाच्या सुती दोऱ्याचा. दोरा भट्टीत भाजून त्याचा कोळसा केला आणि तो फुग्यात बसवला. तो दिवा तेरा-चौदा तास जळला. सुताच्या दोऱ्यानं उजेड दिला आणि पुढे त्याच उजेडानं सूत काढणाऱ्यांचा दिवस तेरा-चौदा तासांवर नेला. योगायोगच आहे, पण विसरवत नाही.

अर्थात एडिसननं लवकरच दोरा सोडून बांबूचा तंतू घेतला आणि दिवा हजार-बाराशे तास चालायला लागला. सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र सुरू झालं.

आणि त्याच १८८२ मध्ये आपल्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. वीज आलेली ही भारतातली पहिली इमारत म्हणून ओळखली जाते. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी महापालिकेनं करार केला होता, मार्केट आणि आसपासचे काही रस्ते उजळायचे होते. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं आणि मार्केट गुमान गॅसवर परतलं. मुंबईकरांनी यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. इंग्लंडमधल्या गोडाल्मिंग गावानं १८८१ मध्ये सार्वजनिक विजेचा मोठा डांगोरा पिटला होता, तेही १८८४ मध्ये गॅसवरच परतलं. वीज महाग, डायनॅमो बिघडायचे, तारांचं तंत्र कुणालाच नीट उमगलेलं नव्हतं. आणि गॅस कंपन्यांचं बस्तान पक्कं होतं.

जाता जाता एक. त्या मार्केटचं आजचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. लोखंड्यांच्या गुरूंचं.

वीज आधी गिरणीत, मग गावात

शहराला नियमित वीज मिळायला १९०५ उजाडलं. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आपली ‘बेस्ट’, त्या वर्षी स्थापन झाली आणि नोव्हेंबरात वाडीबंदरचं वीजकेंद्र सुरू झालं. ते ४,३०० किलोवॉटचं होतं. विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ ला.

मग गिरण्यांनी काय केलं? त्यांना कुणाची वाट बघायची गरजच नव्हती. वीज करायला लागतं काय? एक फिरणारा दांडा आणि त्याला जोडलेला डायनॅमो. फिरणारे दांडे तर गिरणीत पायलीला पन्नास होते! तळाशी वाफेचं अजस्र इंजिन, त्याच्यावरून निघणारे दोर आणि पट्टे, मजल्यामजल्यावर छताला लागून फिरणारे शाफ्ट. त्यातल्याच एकावरून आणखी एक पट्टा काढून डायनॅमोवर चढवला की झालं. गिरणीला तिच्यापुरती वीज मिळाली. आणि दिवा बंद काचेत, उघडी ज्योत नाही. कापसाची भुरभुर त्याच्यावर बसली तरी गॅसबत्तीइतकी भीती नाही. शहराचे रस्ते गॅसवर होते तेव्हा एकोणिसावं शतक सरता सरता एकेक गिरणी विजेवर उजळायला लागली. १९०५ पर्यंत मुंबईत ऐंशीच्या घरात गिरण्या होत्या, कामगार लाखाच्या आसपास.

१९०५ ला सुताला आणि कापडाला जोरदार मागणी आली. त्यातच बंगालच्या फाळणीवरून स्वदेशीची चळवळ पेटली. विकू तेवढं कापड कमी पडेल अशी स्थिती. मालकांनी दिवे चालू ठेवले. काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला.

हे पंधरा तास जरा मांडून बघूया. चोवीसातले पंधरा गेले, उरले नऊ. त्यात गिरणीपर्यंत चालत जाणं आणि येणं, नळावर रांग, खानावळीत किंवा खोलीवर जेवण. एकेका खोलीत आठ-दहा जण राहायचे. झोपेला किती उरले? आणि हे आठवड्याचे सहा दिवस. कोकणातून, घाटावरून आलेल्या, शेतात दिवस मावळला की बैल सोडायची सवय असलेल्या माणसाला काचेच्या फुग्यांखाली रात्रीचे सात, आठ वाजत जातायत आणि भोंगा काही वाजत नाही, हे कसं वाटलं असेल? १८९१ च्या कायद्यानं बायकांना ११ तासांची आणि मुलांना ७ तासांची मर्यादा होती. मुलांच्या बाबतीत ती सर्रास मोडली जायची. एकच मूल दोन गिरण्यांत कामाला लावलं जायचं. मोठ्या पुरुषाला मात्र कायद्यात मर्यादाच नव्हती. कारण ती सूर्यानं घातलेली होती. कायदा करणाऱ्यांना ती लिहून ठेवायची कधी गरज वाटली नव्हती.

कामगार गप्प बसले असं नाही. १९०५ मध्ये वाढलेल्या तासांविरुद्ध संप झाले, निदर्शनं झाली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’नं लांबलेल्या तासांवर टीकेची झोड उठवली. एवढ्यात तो प्रसिद्ध घड्याळाचा घोळ झाला. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. म्हणजे गिरणीचं घड्याळ प्रमाणवेळेवर लावलं तर भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार, आणखी अंधारात उठायचं. जानेवारीतच गिरणी कामगारांनी या नव्या वेळेवर काम करायला नकार दिला, गिरण्यांवर दगड पडले. इतिहासाच्या पुस्तकांत हा किस्सा मुंबईकरांचा हट्ट म्हणून गमतीनं सांगितला जातो. (महापालिका तर पुढे कित्येक वर्षं ‘बॉम्बे टाइम’ धरून बसली होती, तो हट्टच.) कामगारांच्या बाबतीत मला तो हट्ट वाटत नाही. संध्याकाळचं टोक दिव्यानं आधीच काढून घेतलं होतं, आता सकाळचं टोक घड्याळ काढून घेतंय असं त्यांना दिसलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

सरकारनं चौकशी केली. आधी १९०६ मध्ये एक समिती, मग १९०७-०८ मध्ये मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन. तास फार आहेत हे सगळ्यांना मान्य. पण मोठ्या पुरुषाच्या कामाला कायद्यानं मर्यादा घालणं बहुसंख्य सदस्यांना नको होतं. तो मोकळा माणूस, त्यानं किती राबायचं हे त्यानं ठरवावं, असला तो युक्तिवाद. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे एकटे सदस्य ठामपणे वेगळं बोलले. मर्यादा घातलीच पाहिजे, असं त्यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत मांडलं. शेवटी १९११ च्या फॅक्टरी कायद्यात त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी उतरलं. कापड गिरणीत मोठ्या पुरुषालाही दिवसाला १२ तासांच्या वर काम द्यायचं नाही.

या कायद्यामागे सगळी माणुसकीच होती, असं समजायचं कारण नाही. लँकेशायरच्या मालकांना मुंबईच्या गिरण्या डोळ्यांत खुपत होत्या. इथले तास कमी झाले तर तिथलं कापड खपणार होतं. मुंबईचे मालक तर तेव्हाही हेच ओरडत होते की हा कायदा मँचेस्टरच्या पोटदुखीतून आलाय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. साचाखात्यातल्या माणसाला त्याच्याशी काय देणंघेणं? त्याला त्याच्या संध्याकाळीचा एक तुकडा परत मिळाला होता.

या सत्तावीस वर्षांत काय झालं बघा. १८८४ मध्ये सूर्यास्त ही निसर्गाची गोष्ट होती. १९११ मध्ये तो कायद्याच्या कलमात लिहायला लागला. लोखंडे हे बघायला नव्हते. ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगानं त्यांचा बळी घेतला होता.

चाळीत चिमणी

गिरणीत दिवे झळकत होते त्या काळात कामगाराच्या खोलीत काय होतं? घासलेटची चिमणी. काच असली तर कंदील. १९०५ नंतर ‘बेस्ट’ची वीज आधी गेली ती फोर्टात, बंगल्यांत, हॉटेलांत. ताजमहाल हॉटेल तर १९०३ मध्ये उघडलं तेच स्वतःच्या विजेवर झगमगत. लोअर परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत मात्र एक शाळकरी मुलगा पहाटे दोनला उठून घासलेटच्या दिव्यावर अभ्यास करत होता. विजेची ट्राम धावायला लागली त्याच १९०७ साली तो एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. भीमराव आंबेडकर. इतका मोठा उजेड हाकेच्या अंतरावर होता आणि तो फक्त मागांसाठी होता.

वीज स्वस्त आणि भरपूर झाली ती टाटांच्या जलविद्युत प्रकल्पामुळे. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं, लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटावरून खाली पडायला लागलं आणि त्याची वीज थेट परळच्या गिरण्यांत आली. आता नुसते दिवेच नाहीत, माग आणि चात्याही विजेवर. पुढे मुळशीला धरण बांधायची वेळ आली तेव्हा मावळातले शेतकरी आडवे पडले. १९२१ चा मुळशी सत्याग्रह तो हाच. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथे. पन्नासेक गावांच्या जमिनी तरीही पाण्याखाली गेल्याच. गंमत बघा, आणि ही गंमत कडू आहे. गिरणीत माग चालवणारा माणूस अनेकदा अशाच गावातून आलेला.

मात्र १९११ नंतर परत मिळालेल्या त्या संध्याकाळच्या तुकड्याचं लोकांनी काय केलं, हे मला जास्त सांगावंसं वाटतं. कारण ते अजून दिसतं. त्याच १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. तिनं गिरणगावात रात्रशाळा चालवल्या, वाचनालयं काढली. दिवसा गिरणीत राबलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसायला लागला. आता दिवा त्याच्यासाठीही लागला. हाच काचेचा फुगा, आत तोच तापलेला तंतू. कामाचे तास आणखी उतरत गेले. १९२२ ला दिवसाचे ११, १९३४ ला १०, १९४६ ला ९ आणि आठवड्याचे ४८. प्रत्येक तासासाठी संप, सभा, तुरुंग. आणि प्रत्येक सुटलेल्या तासात भजनी मंडळ, तालीम, कबड्डी, नाटकाच्या तालमी, कलापथकं. लालबागच्या गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. कायद्यातले आणि गणपतीचे आकडे जुळतात म्हणून एकामुळे दुसरं झालं, असं मी म्हणणार नाही. पण पंधरा तास राबून आलेल्या माणसानं मंडप घातला नसता, एवढं नक्की. तेव्हा लालबागच्या रोषणाईखाली सेल्फी काढताना एकदा हेही आठवून बघा, की याच रस्त्यावर एके काळी दिवे चालू आहेत म्हणजे अजून सुटका नाही, असा अर्थ होता.

विजेचा दिवा वाईट, असं यातून निघत नाही. त्यानं कामगाराला रात्रीचं पुस्तकही दिलं आणि रातपाळीही दिली. १९३० च्या दशकापासून गिरण्यांत पाळ्या स्थिरावल्या आणि तिसऱ्या पाळीच्या भोंग्यानं गिरणगाव चोवीस तास जागं राहायला लागलं. दिव्याला कुणाची बाजू नसते. त्याचं बटण कुणाच्या हातात आहे आणि ते किती वाजता बंद होणार हे कुठे लिहून ठेवलंय, एवढाच प्रश्न.

सध्या ते कुठे लिहिलेलं आहे? गिरण्यांच्या जागी लोअर परळला जी काचेची ऑफिसं उभी राहिली, तिथले दिवे रात्रभर चालू असतात. तुमच्यातले काही जण तिथे नाइट शिफ्ट करून सकाळच्या लेक्चरला येत असतील, काही जण बाराएक वाजेपर्यंत डिलिव्हरीच्या बाइकवर असतील. ॲपवर ‘लॉग आउट’ कधी करायचं हे कागदोपत्री तुम्हीच ठरवता. मॉरिसन कमिशनमधल्या बहुसंख्यांनाही मोकळा माणूस असाच दिसला होता.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम, त्यावरच्या कामाला ओव्हरटाइम, असं सरकारचं म्हणणं आहे. म्हणजे सलग चार दिवस १२ तास, मग सुट्ट्या, असंही बसवता येईल. काहींना ते आवडेलही. कामगार संघटनांचा विरोध आहे. १९११ च्या कायद्यातला आकडाही बाराच होता, फक्त तेव्हा तो वरून खाली येताना लागला होता.

मुंबईत रात्रशाळा अजून आहेत. दिवसभर कुठेतरी काम करणारी मुलं तिथे येतात, दहावी-बारावी करतात. तास सुरू होतात संध्याकाळी साडेसहाच्या आसपास. सकाळी आठला कामावर गेलेला मुलगा बारा तासांनी सुटला, तर तो वर्गात किती वाजता पोचेल?